लीगल ऑपरेशन्समध्ये शिरायचंय? कागद, तारखा आणि पैसा इथून सुरुवात करा

मोठ्या कंपनीच्या कायदा विभागात सकाळी सकाळी येणारे प्रश्न बघा. खरेदी विभाग विचारतो, "त्या ट्रान्सपोर्टरचा करार कुठे अडकलाय?" फायनान्सवाले विचारतात, "मार्चअखेर वकिलांची अजून किती बिलं यायची आहेत?" ऑडिटरला हवं असतं की कंपनीवर चालू दावे किती आणि त्यांत रक्कम किती अडकली आहे. यातल्या एकाही प्रश्नात कायद्याचा कीस काढण्यासारखं काही नाही. तरी बऱ्याच ठिकाणी उत्तर द्यायला दोन-दोन दिवस जातात. करार कुणाच्या तरी ईमेलमध्ये असतो, बिल कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आणि दाव्याची पुढची तारीख बाहेरच्या वकिलाच्या कारकुनाच्या डायरीत.

ही उत्तरं दोन मिनिटांत मिळतील अशी व्यवस्था लावायची आणि ती रोज चालती ठेवायची, हे लीगल ऑपरेशन्सचं काम. त्यातलंच एखादं मुदतबंद काम, म्हणजे सगळे जुने करार नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणणं किंवा बाहेरच्या वकिलांचं पॅनल नव्याने बांधणं, अंगावर घेऊन तडीस नेलं की ते झालं लीगल प्रोजेक्ट मॅनेजमेंट. नोकरीत दोन्ही बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. लग्नघरात किल्ल्या ज्याच्या कनवटीला असतात, तसा हा माणूस. त्याच्याशिवाय मुहूर्त टळत नाही, पण कोठी उघडायला त्यालाच शोधतात.

अमेरिकेत 'क्लॉक' (CLOC) नावाची या व्यवसायाची संघटना आहे. तिने कामाचे १२ भाग पाडले आहेत. करिअरचा नकाशा म्हणून ते एकदा वाचून घ्या, पण पाठ करत बसू नका. आपल्याकडे नवख्याला सुरुवात तीनच गोष्टींपासून करावी लागते: कागद, तारखा आणि पैसा. या तिन्हींवर हात बसला की बाकीचं जागेवरच शिकता येतं.

आधी आपली बाजू ओळखा

या कामाला कायद्याची पदवी लागतेच असं नाही. बी.कॉम. झालेले, कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास अर्धा ठेवलेले, आयटीतून आलेले, वकिलाच्या ऑफिसात दहा वर्षं फायली सांभाळलेले, असे सगळे लोक इथे रुळतात. एलएल.बी. असेल तर करार वाचताना वेळ वाचतो आणि वरच्या जागांसाठी ती उपयोगी पडते. कॉमर्सवाल्याला बिलं आणि बजेट आधीपासून कळतं. आयटीवाल्याला सॉफ्टवेअरची भीती नसते, मात्र 'इन्डेम्निटी', म्हणजे नुकसानभरपाईच्या हमीच्या कलमावर समोरचा एवढा का भांडतोय, ते त्याला बसून शिकावं लागतं.

सनद घेतलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की तसं राज्याच्या बार कौन्सिलला कळवावं लागतं, आणि नोकरी असेपर्यंत वकिली करता येत नाही. आपल्याकडे हे कळवायचं ते महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला. नोकरीचं पत्र हातात आल्यावर हे काम 'नंतर बघू' म्हणून मागे टाकणारे खूप. पुढे पुन्हा कोर्टात उभं राहायचं ठरलं की हा कागद शोधावा लागतो.

पहिली पायरी: एक करार जन्मापासून शेवटापर्यंत बघा

नोकरी लागलेली असो वा इंटर्नशिप, पहिल्या महिन्यात एकच साधा करार निवडा. वेअरहाऊसचा किंवा हाऊसकीपिंगचा चालेल. मागणी कुणी केली, कशी केली, मसुदा कुणी काढला, समोरच्याने काय खोडलं, फायनान्सने केव्हा होकार दिला, सही कुणी केली, मुद्रांक कधी लागला, स्कॅन कुठे ठेवला, हे सगळं तारखांसह एका कागदावर उतरवा. करार प्रत्येक टेबलावर किती दिवस पडून होता तेही लिहा. बहुतेक वेळा असं दिसतं की मसुद्याला दोन दिवस लागले आणि समोरच्या पार्टीचा जीएसटी क्रमांक, नोंदणीकृत पत्ता आणि सही करणाऱ्याचं नाव मिळवायला दोन आठवडे. म्हणजे उपाय नवा टेम्प्लेट नाही. मागणी येतानाच हे तीन रकाने भरून घेणारा फॉर्म हवा. वकिलांना मसुदा सुधारण्याची ओढ असते, तुम्ही वाट पाहण्याचा वेळ शोधा.

सहीच्या टप्प्यावर दोन गोष्टी तपासायची सवय लावा. पहिली, सही करणाऱ्याला तो अधिकार कशाने मिळाला आहे: संचालक मंडळाचा ठराव की कुलमुखत्यारपत्र, आणि त्यात रकमेची मर्यादा आहे का. दुसरी, मुद्रांक शुल्क.

मुद्रांकाचं प्रकरण जरा सावकाश समजून घ्या, कारण महाराष्ट्रात नवख्याची किंमत इथे कळते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम १९५८ च्या कलम १७ प्रमाणे राज्यात सही होणाऱ्या दस्तावर शुल्क सहीच्या आधी, सही करताना किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं असावं लागतं. राज्याबाहेर सही झालेला दस्त महाराष्ट्रात आला, तर आल्यापासून तीन महिने मिळतात. मुद्रांक कमी असेल तर कलम ३४ नुसार तो दस्त पुराव्यात घेतला जात नाही. फरकाची रक्कम भरावी लागते आणि दरमहा २ टक्के दंड चढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने बऱ्याच प्रकारच्या दस्तांवरचं १०० आणि २०० रुपयांचं शुल्क ५०० रुपये केलं. जुन्या चेकलिस्टमध्ये अजून १०० लिहिलेलं असेल तर आजच बदला. आणि 'असू देत' म्हणून घेऊन ठेवलेले कोरे स्टँप पेपर खरेदीपासून सहा महिन्यांत वापरले नाहीत तर ते बाद होतात.

ई-सही केली म्हणून मुद्रांक माफ होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मुळे इलेक्ट्रॉनिक करार चालतो, मृत्युपत्रासारखे काही दस्त मात्र त्याच्या बाहेर आहेत. एकाची सही पुण्यात आणि दुसऱ्याची बंगळुरूत असेल, तर शुल्क कोणत्या राज्याचं आणि फरक किती, हे सहीची लिंक पाठवण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

सहीनंतर करार कपाटात जातो आणि सगळे त्याला विसरतात. खरं काम तिथून पुढे. 'मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी नोटीस न दिल्यास आपोआप नूतनीकरण' हे कलम ज्यात आहे, त्या करारांची वेगळी यादी करा. आठवण मात्र १२० दिवस आधीची लावा, कारण निर्णय तुमचा नसून बिझनेसचा असतो आणि त्यांना तो घ्यायला महिना लागतो.

दुसरी पायरी: तारखांची वही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण कंपन्यांच्या कामी येत नाही. वसुली करणाऱ्या वित्त कंपन्यांचा तर अर्धा दिवस त्या पायरीवरच जातो. चेक परत गेल्याच्या प्रकरणाचा हिशोब घ्या. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ प्रमाणे चेक न वटल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते उलटल्यापासून एका महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफी मागता येते, नोटिशीच्या ३० दिवसांना ती सोय नाही.

म्हणून ट्रॅकरमध्ये, म्हणजे सगळी प्रकरणं आणि तारखा मांडलेल्या तक्त्यात, नुसता 'पुढची तारीख' असा एक रकाना ठेवणं धोक्याचं. मुदत कोणत्या दिवसापासून मोजली, त्या दिवसाचा पुरावा कोणता आणि तो कुठे ठेवला, हे तीन रकाने शेजारी हवेत. बँकेचा मेमो, पोस्टाच्या ट्रॅकिंगचा प्रिंट, पोचपावती, जे असेल ते. माझ्या मते चांगला आणि बरा ट्रॅकर यांतला फरक एवढाच.

व्यापारी दाव्यांत हेच आणखी कडक. कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्ट २०१५ खाली समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायची. न्यायालय मुदत वाढवतं, पण १२० दिवसांच्या पुढे कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. आता हे समन्स येतं कुठे? कंपनीचं मुख्यालय बांद्र्याला असलं तरी कागद येतो चाकणच्या गोदामाच्या गेटवर. वॉचमन तो घेतो, आवक रजिस्टरमध्ये चढवतो आणि स्टोअर मॅनेजरच्या टेबलावर ठेवतो. मॅनेजर रजेवर असतो. १२० दिवसांचा काटा गेटवरच सुरू झालेला असतो. तेव्हा गोदामात फोन करून तिथल्या माणसांशी ओळख करून घ्या. कोर्टाचा शिक्का असलेला कागद दिसला की त्याच दिवशी फोटो पाठवायचा, एवढंच त्यांना सांगा. हे कुठल्या सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमात नाही.

असा व्यापारी दावा कंपनीलाच करायचा असेल आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक ठरवलं. त्यामुळे 'दावा दाखल' या ओळीच्या आधी वेळापत्रकात मध्यस्थीचे महिने धरा.

तारखा पाहण्यासाठी ई-कोर्ट्सचं अ‍ॅप फुकट आहे. प्रत्येक खटल्याचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, तो ट्रॅकरमध्ये पहिल्याच रकान्यात टाका. पक्षकाराच्या नावाने शोधत बसलात तर एकाच नावाचे चार पाटील सापडतील. मुंबई उच्च न्यायालयाचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, रोज बघायची सवय लावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला याच न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या प्रकरणांसमोर जुन्या ट्रॅकरमध्ये अजून मुंबई लिहिलेलं असेल, ते तपासा.

इथे मराठी वाचकाला एक उघड फायदा आहे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांतले अर्ज, रोजनामे (त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), सात-बारा, सूची क्रमांक दोन, ग्रामपंचायतीची ना-हरकत पत्रं मराठीत असतात. पुण्याच्या परदेशी कंपनीच्या केंद्रात बसलेल्या, इंग्रजीत तरबेज टीममध्ये हे कागद सरळ वाचून दोन ओळींत सार सांगणारा माणूस दुर्मिळ. बायोडेटात हे लिहा, लाजू नका.

तिसरी पायरी: बिलं

हे काम कुणाला आवडत नाही, म्हणूनच ते मागून घ्या. भारतातल्या खटल्यांत फी बहुधा प्रत्येक हजेरीची, मसुद्याची किंवा कॉन्फरन्सची असते. हजेरीचं बिल आलं की त्या तारखेचा रोजनामा काढून जुळवा. प्रकरण त्या दिवशी पुकारलं गेलं का, तहकूब झालं असेल तर ठरलेल्या फीपत्रकात तहकुबीला काय दर आहे? भांडू नका, नम्रपणे विचारा. वकिलांशी नातं टिकवणंही याच नोकरीत येतं.

वकिलाच्या सेवेवरचा जीएसटी ठरावीक उलाढालीच्या वर रिव्हर्स चार्जने कंपनीलाच भरावा लागतो आणि फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो. बजेट करताना नुसत्या फीचा आकडा धरला की फायनान्सपुढे तोंडघशी पडायला होतं. अमेरिकी कंपन्यांसाठी काम करणार असाल तर तासांवर आधारलेली बिलं, त्यांचा 'लेडेस' हा फॉरमॅट आणि एल १०० ते एल ५०० असे कामाचे कोड बघून ठेवा. एक दुपार पुरते.

चौथी पायरी: पहिला प्रोजेक्ट

समजा, सांगितलं की ५,००० जुने करार नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचे आहेत आणि साहेबांना ते दिवाळीपर्यंत हवंय. लगेच 'हो' म्हणू नका. आधी ५० करारांचा नमुना घ्या आणि स्वतः बसून करा. प्रत्येकाला किती मिनिटं लागली ते लिहा. सरासरी १२ मिनिटं आली असं धरू. ५,००० करारांना ६०,००० मिनिटं, म्हणजे १,००० तास. दिवसाला खरं काम सहा तासांचंच होतं, तेव्हा एका माणसाला सुमारे १६७ कामाचे दिवस, चौघांना ४२. त्यावर तपासणीचा वेळ. आता दिवाळीबद्दल बोलायला तुमच्याकडे आकडा आहे. साहेब माणसं वाढवतील, करार कमी करतील किंवा तारीख हलवतील. तो निर्णय त्यांचा.

नमुन्यात आणखी गोष्टी बाहेर येतात. ५,००० पैकी बरेच दुबार प्रती निघतात, काहींवर सहीच नसते, काही मुदत संपून वर्षं झालेले. स्कॅन वाकडा असेल तर मशिनला अक्षर ओळखता येत नाही, आणि जुन्या मराठी दस्तांपुढे तर ते हातच टेकतं. म्हणून काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवा: कोणते करार आणायचेच नाहीत, प्रत्येकातून कोणती माहिती उचलायची, आणि शंका आली तर निर्णय कोण देणार. माहितीचे रकाने दहा-बारापर्यंत ठेवा. मीटिंगमध्ये प्रत्येक जण एकेक रकाना वाढवतो आणि तो पुढे कुणीच बघत नाही. रकाना मागणाऱ्याला विचारा, "यावरून तुम्ही कोणता निर्णय घेणार?" उत्तर आलं नाही तर रकाना नाही.

आठवड्याला एक पानाचा अहवाल पाठवा. किती झाले, किती अडले, कुणापाशी अडले. तिसरा रकाना लिहिताना हात कचरतो, पण त्याच्याचसाठी तो अहवाल असतो. नाव टाकण्याआधी त्या माणसाला फोन करायचा एवढी रीत पाळा.

परीक्षांचं म्हणाल तर प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची सीएपीएम ही परीक्षा नवख्यांसाठी आहे, तिला २३ तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यांच्याच वरच्या पीएमपी परीक्षेला ३५ तासांचं प्रशिक्षण आणि चार वर्षांच्या पदवीनंतर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, त्यामुळे ती पहिल्या दोन वर्षांत डोक्यातून काढून टाका. एक्सेलमध्ये पिव्होट आणि लूकअप येत नसेल तर दोन्ही परीक्षांच्या आधी ते.

सॉफ्टवेअर आणि एआय

करारांचं सॉफ्टवेअर बनवणारी आयसर्टिस २००९ मध्ये सुरू झाली. तिचं मोठं काम पुण्यातूनच चालतं, त्यामुळे हे क्षेत्र आपल्याला लांबचं नाही. कोणतं एक सॉफ्टवेअर येतं यापेक्षा, सॉफ्टवेअर घेण्याआधी प्रक्रिया कागदावर काढता येते का, याला किंमत आहे. गोंधळ जसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये नेला तर तो फक्त महाग होतो.

एआयला करारातून तारखा उचलायला लावा, पण दर दहातला एक तरी स्वतः मूळ कागदाशी ताडून बघा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला होता. आणि कंपनीचा करार फुकटच्या सार्वजनिक चॅटमध्ये चिकटवायचा नाही, मग तो कितीही किरकोळ असो.

नोकरी कुठे शोधायची

मुंबईत या धंद्याची मुळं जुनी आहेत. पँजिया३ ही कायदेशीर कामं बाहेरून करून देणारी कंपनी २००४ मध्ये सुरू झाली, २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने आणि २०१९ मध्ये ईवायने ती घेतली. अशा कंपन्यांत नवख्यांना दार लवकर उघडतं: दस्तऐवज तपासणी, करारांतून माहिती काढणं, ई-डिस्कव्हरी (खटल्यासाठी ईमेल आणि फायलींतून पुरावा शोधणं). काम एकसुरी असतं आणि अमेरिकेच्या वेळेमुळे रात्रपाळीही येते, पण शिस्त लागते आणि गुणवत्ता मोजण्याची सवय होते. वर्ष-दीड वर्षाने तिथून बाहेर पडायची तयारी ठेवा, नाहीतर माणूस त्याच पडद्यापुढे जुना होतो.

दुसरं दार परदेशी कंपन्यांच्या पुणे-मुंबईतल्या केंद्रांचं, तिसरं बँका आणि वित्त कंपन्यांचं. शोधताना 'लीगल ऑपरेशन्स' एवढंच टाकू नका. 'कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅनालिस्ट', 'लीगल एमआयएस', 'पॅरालीगल', 'कॉन्ट्रॅक्ट मॅनेजमेंट' ही नावंही टाका, काम बऱ्याचदा तेच असतं.

मुलाखतीला एक नमुना ट्रॅकर घेऊन जा. काल्पनिक पंचवीस प्रकरणं, कलम १३८ च्या मुदती आपोआप काढणारी सूत्रं, मुदत जवळ आली की लाल होणारी ओळ. आधीच्या कंपनीचा खरा डेटा नाव पुसूनही आणायचा नाही, समोरचा तिथेच तुमचं नाव पुसेल.

शेवटच्या फेरीत तुम्हीही विचारा: सध्या ट्रॅकर कोण सांभाळतं, बिलं कोण मंजूर करतं, सॉफ्टवेअर घेतलंय का आणि घेतलं असेल तर ते रोज किती जण उघडतात. "सध्या सगळं सरांच्या लक्षात असतं" असं उत्तर आलं तर काम भरपूर आहे. फक्त त्या सरांना स्वतःला ही व्यवस्था हवी आहे का, ते त्यांनाच भेटून विचारा, मग ऑफर लेटरवर सही करा.